वाचकांचे प्रश्न : १२ वर्षांचे काम ४८ तासांत?

मागच्या अंकात या सदरात सोलापूर जिल्ह्यातील साखर कारखान्यांच्या आसवन्यांवर, म्हणजे आपण ज्यांना सरळ डिस्टिलरी म्हणतो त्यांच्यावर, एक टिपण आले होते. मळीपासून स्पिरिट तयार व्हायला दोन-तीन दिवस पुरतात, पण ते मुरायला वर्षे लागतात, असे एक वाक्य मी त्यात सहज लिहून गेलो. त्या एका वाक्यावर जितकी पत्रे आली तितकी उरलेल्या टिपणावर आली नाहीत. त्यांतील पाच प्रश्न येथे घेतले आहेत. नोकरीची बरीच वर्षे मी अशाच एका डिस्टिलरीच्या प्रयोगशाळेत काढली असल्यामुळे उत्तरांना तिथला थोडा वास येईल, तो वाचकांनी सहन करावा.

प्रश्न : माझ्याकडे एक विक्रेता ध्वनिलहरींच्या यंत्राची माहिती घेऊन आला होता. ताज्या स्पिरिटमध्ये ओकच्या लाकडाचे तुकडे घालून हे यंत्र चालवले, की १२ वर्षे मुरलेल्या व्हिस्कीसारखा माल ४८ तासांत तयार होतो, असे तो म्हणतो. त्याने दोन पेल्यांत नमुने दिले. मला फरक कळला नाही. माझे मेहुणे एका परवानाधारक मद्य कारखान्यात भागीदार आहेत आणि त्यांच्यासाठी हे यंत्र घ्यावे, असा विचार आहे. वडिलांचे म्हणणे असे, की अढीतला आंबा आणि कार्बाइडने पिकवलेला आंबा यांत जो फरक, तोच इथे असणार. खरे काय समजावे? (एक व्यावसायिक, होटगी रस्ता)

उत्तर : आपल्या वडिलांची उपमा चांगली आहे, पण अर्धीच लागू पडते. कार्बाइडला बंदी आहे ती ते आरोग्याला घातक असल्यामुळे. ध्वनिलहरी मद्यात कोणताही पदार्थ घालत नाहीत, त्यामुळे तो आक्षेप येथे घेता येणार नाही. मात्र साल पिवळी झाली म्हणजे आंबा पिकला असे होत नाही, हा उपमेचा उरलेला अर्धा भाग यंत्राच्या बाबतीत तंतोतंत खरा आहे.

माझ्या टेबलावर ओकच्या एका जुन्या पिंपाच्या फळीचा वीतभर तुकडा पडलेला असतो. त्याची आतली बाजू जाळून कोळसा केलेली आहे आणि तो कोळसा मे महिन्यातल्या आपल्या काळ्या रानासारखा भेगाळलेला आहे. कोळशाच्या खाली तांबूस पट्टा आहे, त्याच्या पुढे काही अंतरावर एक गडद रेषा आहे आणि त्या रेषेपलीकडे लाकूड अगदी कोरे आहे. मद्य आत जिथवर पोचले, तिथवरची ती खूण. दिवसा ऊन तापले की पिंपातले मद्य फुगते आणि लाकडात शिरते, रात्री गारव्याने आकसते आणि लाकडातला अर्क घेऊन माघारी येते. अशा असंख्य येरझारांनी ती रेषा उमटलेली असते.

या येरझारांत लाकडातून काय काय उतरते ते आता चांगले माहीत झाले आहे. लाकडातील लिग्निन उष्णतेने आणि मद्याच्या संपर्काने फुटते आणि त्यातून व्हॅनिलिन मिळते, म्हणजे व्हॅनिलाचा वास देणारा मुख्य घटक. हेमिसेल्युलोज जळताना साखर होऊन करपते आणि मद्याला करपलेल्या साखरेची गोडसर चव व रंग देते. ओकमधील लॅक्टोन या वर्गातील संयुगांमुळे खोबऱ्यासारखा वास येतो, आणि टॅनिनमुळे तुरटपणा येतो. हे सारे अर्क उतरण्याचे काम झाले. त्याच वेळी तो कोळसा ताज्या स्पिरिटमधील गंधकयुक्त संयुगांचा उग्र वास शोषून घेत असतो. लाकडाच्या छिद्रांतून हवा हळूहळू आत येते, अल्कोहोलचा काही अंश तिच्यामुळे ॲसिटाल्डिहाइड आणि पुढे ॲसिटिक आम्ल होतो, आणि आम्ले व अल्कोहोल यांच्या संयोगातून एस्टर तयार होतात, ज्यांना आपण फळांचा वास म्हणून ओळखतो. शिवाय पिंपातून पाणी आणि अल्कोहोल सतत उडून जात असल्यामुळे मागे उरणाऱ्या मद्यातील स्वादघटकांची तीव्रता वाढत राहते. आपण या सगळ्याला मिळून 'मुरणे' असा एकच शब्द वापरतो, आणि विक्रेत्याचा दावा त्या एका शब्दाच्या आडोशाने उभा राहतो.

अल्ट्रासोनिक यंत्र करते काय, तर दर सेकंदाला २०,००० पेक्षा अधिक कंपनांच्या, म्हणजे माणसाच्या कानाला ऐकू न येणाऱ्या, लहरी द्रवात सोडते. त्यामुळे द्रवात अतिसूक्ष्म बुडबुडे तयार होतात आणि क्षणार्धात कोसळतात. कोसळताना त्या सुईच्या टोकाएवढ्या जागेत तापमान हजारो अंशांवर जाते आणि द्रवाचा झोत लाकडावर आदळतो. लाकडातला अर्क यामुळे खरोखरच झपाट्याने उतरतो, यात फसवणूक काही नाही. स्पेनमधील काडिझ विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये ओकच्या तुकड्यांसह अल्ट्रासोनिक पद्धतीने काही दिवसांत ब्रँडी तयार करण्याचे प्रयोग प्रसिद्ध केले होते. अमेरिकेत दक्षिण कॅरोलायनातील टेरेसेन्शिया या कंपनीने अल्ट्रासोनिक लहरी, उष्णता आणि प्राणवायू यांची सांगड घातली. ओहायोतील क्लीव्हलँड व्हिस्कीने लाकडाचे तुकडे घातलेल्या टाकीत दाब कमीजास्त करण्याची वाट धरली, म्हणजे उन्हाने होणारी येरझार पंपाने घडवून आणली. लॉस्ट स्पिरिट्स या अमेरिकी कंपनीच्या ब्रायन डेव्हिस यांनी तीव्र प्रकाश आणि उष्णता यांचा मारा करून लाकूड फोडण्याची पद्धत काढली आणि २०१५ च्या सुमारास सहा दिवसांत वीस वर्षांचा परिणाम साधल्याचा दावा केला, तेव्हा बरीच खळबळ उडाली होती. ही हौस आजची नाही. अमेरिकेतील दारूबंदी १९३३ मध्ये उठली तेव्हा गोदामांत मुरलेला माल फारसा शिल्लक नव्हता, आणि झटपट मुरवण्याच्या युक्त्यांना तेव्हाही उधाण आले होते.

आता माझे मत सांगतो. अर्क उतरवण्याचे काम ही यंत्रे दिवसांत करतात, हे मान्य करावे. प्राणवायू सोडून आणि उष्णता देऊन हवेचे काम काही प्रमाणात रेटता येते. मात्र पिंपात ही कामे ज्या प्रमाणात एकमेकांसोबत चालतात ते प्रमाण यंत्रात बिघडते. लाकूड पुढे धावते आणि एस्टर मागे राहतात, किंवा प्राणवायू जास्त झाला तर एथिल ॲसिटेट वाढून नेलपॉलिश काढायच्या द्रवासारखा वास येतो. म्हणून यंत्रातून निघालेला माल वाईटच असतो असे मी म्हणणार नाही. तो पिण्याजोगा, कधी चांगलाही असू शकतो. पण तो १२ वर्षांचा नसतो, तो ४८ तासांचा एक वेगळा माल असतो आणि त्याची किंमत तशीच ठरवावी.

दोन पेल्यांची चाचणी विक्रेत्याने घेतली, तिला अर्थ नाही. कोणते दोन पेले ठेवायचे हे त्यानेच ठरवले होते, आणि मद्याची ती कितवी चव होती हे आपण लिहिलेले नाही. आपण तीन पेले ठेवावेत, दोहोंत एकच माल आणि तिसऱ्यात दुसरा, आणि कोणत्या पेल्यात काय आहे हे चाखणाऱ्यालाही ठाऊक नसावे व पेले देणाऱ्यालाही. निराळा पेला कोणता, एवढेच विचारावे. दहा-बारा जाणत्या माणसांकडून ही चाचणी सकाळच्या वेळी करून घ्यावी आणि दोन्ही नमुन्यांचे गॅस क्रोमॅटोग्राफीचे, म्हणजे मद्यातील घटक वेगवेगळे करून मोजणाऱ्या तपासणीचे, अहवाल शेजारी ठेवावेत. विक्रेता याला राजी झाला नाही, तर उत्तर आपोआप मिळाले असे समजावे.

बाटलीवर वर्षे लिहिण्याचा मोह मात्र मेहुण्यांनी मुळीच धरू नये. स्कॉटलंडच्या २००९ च्या नियमांप्रमाणे स्कॉच म्हणवून घेण्यासाठी मद्य ७०० लिटरपेक्षा मोठे नसलेल्या ओकच्या पिंपात, स्कॉटलंडमध्येच, किमान ३ वर्षे मुरावे लागते, आणि वय लिहायचे तर मिश्रणातील सर्वांत तरुण मद्याचेच लिहावे लागते. ध्वनिलहरींच्या तासांचे वर्षांत रूपांतर करण्याचे कोष्टक त्या नियमांत नाही. आपल्याकडे २०१८ चे अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाचे मद्यविषयक नियम आहेत. यंत्राचा विसार देण्याआधी ते जाणकाराकडून वाचून घ्यावेत.

प्रश्न : आमचा पूर्व भागात सूत रंगवण्याचा पिढीजात धंदा आहे. कढईतले पाणी तापवले की रंग लवकर चढतो हे आम्ही रोज पाहतो. मग यंत्र कशाला हवे? सोलापूरच्या उन्हात पिंपे ठेवली तर स्कॉटलंडच्या मानाने मद्य लवकर मुरणार नाही का? (एक रंगारी)

उत्तर : या पत्रावर मी सर्वांत जास्त वेळ घालवला, कारण प्रश्नकर्त्याने यंत्र विकणाऱ्यांपेक्षा अधिक नेमका मुद्दा पकडला आहे. होय, ऊन हेच सर्वांत जुने आणि फुकटचे यंत्र आहे. तापमान १० अंशांनी वाढले की अनेक रासायनिक क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो, हा ढोबळ हिशेब आहे. बंगळुरूच्या अमृत या मद्य कंपनीने आपली सिंगल माल्ट, म्हणजे एकाच डिस्टिलरीत केवळ मोड आणलेल्या जवापासून केलेली, व्हिस्की २००४ मध्ये ग्लासगोत विकायला काढली, तेव्हा पुष्कळांनी भुवया उंचावल्या, पण चार-पाच वर्षांच्या त्या मद्यात स्कॉटलंडच्या बऱ्याच अधिक वर्षांचा रंग आणि दाटपणा होता तो याच कारणामुळे.

मात्र उन्हाची किंमत मोजावी लागते. पिंपातून उडून जाणाऱ्या मद्याला स्कॉटलंडमध्ये देवदूतांचा वाटा म्हणतात. तिकडे तो वर्षाला २ टक्क्यांच्या आसपास असतो, बंगळुरूसारख्या हवेत १० ते १२ टक्क्यांपर्यंत जातो. आपण १० टक्केच धरू. २०० लिटरच्या पिंपात १२ वर्षांनी स्कॉटलंडमध्ये १५७ लिटर उरतील आणि आपल्याकडे जेमतेम ५६. म्हणजे बारा वर्षे वाट पाहून तीन चतुर्थांशाच्या जवळपास माल हवेला दिला. आपले देवदूत फारच तहानलेले आहेत, असे म्हणून सोडून देता येईल, पण ज्याने कर्ज काढून पिंपे भरली आहेत त्याला हा विनोद सुचणार नाही. झटपट मुरवण्याच्या यंत्रांमागे खरी प्रेरणा हीच आहे. ती चवीपेक्षा गोदामभाडे, व्याज आणि ही तूट वाचवण्यासाठी आहेत.

सोलापूरच्या बाबतीत आणखी एक गंमत आहे. आपली हवा कोरडी आहे. अल्कोहोलची वाफ हवेत इकडेही नसते आणि तिकडेही नसते, त्यामुळे अल्कोहोल दोन्हीकडे उडतेच, पण स्कॉटलंडच्या दमट हवेत पाण्याची वाफ आधीच भरलेली असल्यामुळे पिंपातले पाणी तितक्या वेगाने बाहेर पडत नाही. परिणामी तिथे मद्याची तीव्रता वर्षागणिक उतरते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात मात्र पाणी आधी पळते आणि आतले मद्य अधिकाधिक कडक होत जाते. कडक मद्य लाकडातून वेगळे घटक काढते. त्यामुळे सोलापुरात मुरवलेले मद्य हे स्कॉटलंडच्या मद्याची घाईघाईने काढलेली प्रत ठरणार नाही, त्याचा स्वभावच निराळा निघेल.

राहिला आपला रंगाचा दाखला. तो आपणच पुढे नेऊन पाहावा. पाणी एकदम उकळते ठेवून रंग भराभर चढवला, तर तो धाग्याच्या वरवर बसतो, पोटात जात नाही आणि लडीत डाग राहतात, हे आपल्या घरातील लहान मुलालाही ठाऊक असेल. लाकडाचेही तसेच आहे. फरक एवढाच, की येथे रंग आत न जाता बाहेर येतो. भडक उष्णता दिली की टॅनिन भसाभस उतरते आणि मद्य जास्त उकळलेल्या चहासारखे तुरट होते. ही तुरटी पिंपात हवेच्या संगतीने कालांतराने मवाळ होते, पण तोवर त्यातला किती माल उडालेला असेल हे वर सांगितलेच आहे. म्हणून उष्ण प्रदेशात पिंप किती वर्षे ठेवायचे, यापेक्षा ते कधी रिकामे करायचे, हे कळणारा माणूस अधिक महत्त्वाचा असतो.

प्रश्न : मी माळशिरस तालुक्यातील एका कारखान्यात नोकरीस आहे. आपल्या मळीपासून निघणारे स्पिरिट ओकच्या छोट्या पिंपांत ठेवून उत्तम रम का करता येऊ नये? छोट्या पिंपात लवकर मुरते असे ऐकले आहे.

उत्तर : छोट्या पिंपाचे गणित बरोबर आहे. पिंपाची लांबी-रुंदी निम्मी केली तर त्यात मावणारे मद्य एक अष्टमांश होते, पण लाकडाची आतली बाजू एक चतुर्थांशच होते. म्हणजे २०० लिटरऐवजी २५ लिटरच्या पिंपात प्रत्येक लिटरला दुप्पट लाकूड मिळते. अर्क लवकर उतरतो, आणि तूटही त्याच प्रमाणात वाढते.

खरी अडचण स्पिरिटमध्ये आहे. आमच्या प्रयोगशाळेत दर पाळीला परमँगनेटची चाचणी होत असे. परीक्षानळीत नमुना घेऊन त्यात पोटॅशियम परमँगनेट टाकायचे आणि घड्याळ लावून बसायचे. गुलाबी रंग जितकी अधिक मिनिटे टिकेल तितके स्पिरिट शुद्ध. रंग लवकर उडाला की मद्य गाळण्याच्या स्तंभावरच्या माणसाला बोलणी बसत. सुमारे ९६ टक्क्यांचे एक्स्ट्रा न्यूट्रल अल्कोहोल काढायचे, म्हणजे उसाची, मळीची, आंबवण्याची कोणतीही खूण त्यात शिल्लक ठेवायची नाही, हेच आमच्या कौशल्याचे माप होते. मुरण्यासाठी मात्र या खुणाच लागतात. ज्या स्पिरिटमध्ये आम्ले, एस्टर आणि जड अल्कोहोल उरलेलेच नाहीत, ते ओकमध्ये ठेवले तर लाकडाचा काढा होईल, त्याच्याशी संयोग पावायला आत कोणी नसेल. जमैकात मळी दीर्घकाळ आंबवून तांब्याच्या भांड्यात गाळतात आणि तिथल्या काही रममध्ये एस्टरचे प्रमाण मुद्दाम फार वाढवलेले असते. त्या ताज्या स्पिरिटचा वास नाकात चढतो, पण पिंपात त्याचेच सोने होते. आपल्याला रम करायची असेल तर सुरुवात पिंपापासून न करता आंबवण्याच्या टाकीपासून करावी लागेल. आणि मळीच्या स्पिरिटला व्हिस्की म्हणण्याची जी आपल्याकडे पद्धत आहे, ती युरोपीय संघात चालत नाही. तिथे व्हिस्की धान्याचीच असावी लागते. रम म्हटले तर मळीला लाज वाटण्याचे काहीच कारण नाही.

प्रश्न : माझा मुलगा अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. त्याने दागिने स्वच्छ करण्याचे अल्ट्रासोनिक यंत्र मागवले आहे आणि त्यात लाकडाचे तुकडे व बाटलीतले मद्य घालून तो 'प्रयोग' करतो. यात धोका आहे का? (एक माता, जुळे सोलापूर)

उत्तर : आहे, आणि तो आजच थांबवावा. ४० टक्के मद्याची वाफ सुमारे २६ अंश तापमानाला ठिणगीने पेट घेऊ शकते. सोलापुरात वर्षातील बहुतेक दुपारी खोलीचे तापमान याहून अधिक असते. ते यंत्र पाण्यासाठी बनवलेले असते, अनेक यंत्रांत तापवण्याची सोयही असते आणि विजेचे बटण हाताशीच असते. दुसरे असे, की घरात सापडणारे लाकूड म्हणजे बहुधा प्लायवूड, वार्निश मारलेली पट्टी किंवा वाळवीचे औषध पाजलेले सागवान. त्याचा अर्क ध्वनिलहरींनी तितक्याच तत्परतेने उतरतो. तिसरे, हा छंद पुढे घरी गाळण्यापर्यंत जाऊ नये. परवान्याशिवाय मद्य गाळणे हा १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे, आणि मिथेनॉल मिसळलेली दारू कितीही मुरवली, कितीही लहरी सोडल्या तरी तिच्यातील विष कमी होत नाही. आपल्या राज्यात व्हिस्की-रमसाठी वयाची अट २५ वर्षांची आहे, हेही चिरंजीवांच्या कानावर घालावे. त्यांची जिज्ञासा मात्र मारू नये. तेच यंत्र पाणी आणि हळकुंडाचे किंवा चहापत्तीचे तुकडे घेऊन चालवावे, शेजारी तितकेच तुकडे साध्या पाण्यात ठेवावेत आणि दर पाच मिनिटांनी रंगाची नोंद करावी. अर्क लवकर उतरतो म्हणजे काय, ते पेटण्याच्या भीतीशिवाय दिसेल.

प्रश्न : वीस वर्षांपूर्वी परदेशातून आलेल्या एका पाहुण्यांनी वडिलांना १२ वर्षांची स्कॉच भेट दिली होती. वडील पीत नसत. ती कपाटात न उघडता राहिली आहे. ती आता ३२ वर्षांची झाली का? (एक वाचक, बार्शी)

उत्तर : नाही. मुरणे लाकडाशी आणि हवेशी बांधलेले आहे. काचेत या दोन्हींची भेट होत नाही, त्यामुळे बाटली भरली त्या दिवशी वय थांबले. ती १२ वर्षांचीच आहे. मात्र बूच पाहावे. बाटली आडवी ठेवली असेल तर कडक मद्याने बूच खाल्ले गेलेले असू शकते, आणि उभी असली तरी बार्शीच्या वीस उन्हाळ्यांत पातळी मानेच्या खाली गेली असेल तर बुचातून माल उडाला आहे असे समजावे. कपाट पश्चिमेच्या भिंतीला असेल, तर बाटली तिथून हलवून घरातल्या सर्वांत गार खोलीत, उजेडापासून दूर उभी ठेवावी.